रंग गेला कुठे?

प्रकाशउत्प्रेरकांवर, म्हणजे प्रकाश पडला की रसायनक्रिया घडवणाऱ्या पदार्थांवर, काम करणारी प्रयोगशाळा ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. बेसिनच्या कडा निळ्या, ॲप्रनचे खिसे निळे, वजनकाट्याशेजारचा टिश्यू पेपर निळा आणि नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याची नखंही निळी. हा सगळा मिथिलीन ब्लूचा प्रताप; नमुन्याचा प्रदूषक म्हणून पाण्यात हाच रंग घालतात. चिमूटभर भुकटी बादलीभर पाणी रंगवते. आमच्या विभागातले मामा या बाटलीला हात लावायला साफ नकार द्यायचे. ‘ॲसिडची बाटली द्या, पण ही नको,’ म्हणायचे. ॲसिडचा डाग निदान पडतो तिथेच राहतो, हा त्यांचा युक्तिवाद.

छापून आलेल्या शोधनिबंधात या निळाईचा एक सभ्य आलेख होतो. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर उरलेल्या रंगाचं प्रमाण आणि तीन-चार उतरत्या रेघा. वरची रेघ नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडची, सगळ्यांत खालची त्यात ग्राफीन किंवा कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळलेल्या मिश्रणाची. निष्कर्ष ठरलेला: कार्बन घातला, प्रदूषक लवकर संपला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत असे आलेख ढिगांनी छापले गेले. त्यातला बराचसा भाग खराही आहे. पण रेघ उतरली तेव्हा पाण्यात नेमकं घडलं काय, हे ज्यांनी ज्यांनी खोदून विचारलं, त्यांचे किस्से त्या आलेखांहून कितीतरी रंजक आहेत.

सुरुवात रंगवाल्यांपासून करायला हवी. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, औषधाच्या गोळीवर जो पांढरेपणा असतो तो या टायटॅनियम डायऑक्साइडचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, त्यातही लोखंडाच्या जोडीला हेच टायटॅनियम. इतक्या काळ्यातून इतकं पांढरं निघतं याचं मला अजून नवल वाटतं. तर या पांढऱ्या रंगाची एक जुनी खोड रंगवाल्यांना माहीत होती. उन्हात काही वर्षं काढली की भिंतीवर हात फिरवताच तळहाताला पांढरी भुकटी लागते. कण शाबूत असतो, त्याला धरून ठेवणारी राळ मात्र जळून गेलेली असते, आणि ती जाळणारा तो कणच. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर एक निळा रंग बसवला, त्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि रंग कसा उडतो ते मोजलं. म्हणजे रंग उडवून मोजायची आमची रीत स्वातंत्र्यपूर्व काळातली आहे. रंगवाल्यांनी या खोडीवर इलाज म्हणून कणांभोवती सिलिका आणि ॲल्युमिनाचं कवच चढवलं. जो गुण वाढवण्यासाठी आम्ही अनुदान मागतो, तोच दाबून टाकण्यासाठी तिकडे एक अख्खा उद्योग राबतो आहे.

पुढचं नाव या क्षेत्रात कुणाला टाळता येत नाही: अकिरा फुजिशिमा. १९६७च्या सुमारास ते टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली शिकत होते. रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक पाण्यात, समोर प्लॅटिनमचा तुकडा, आणि स्फटिकावर झेनॉन दिव्याचा प्रकाश. दिवा लागला की स्फटिकावरून बुडबुडे, बंद केला की थांबले. बुडबुडे ऑक्सिजनचे, पलीकडे प्लॅटिनमवर हायड्रोजन. आणि इतकं होऊनही स्फटिक झिजत नव्हता. पाण्याचं विघटन करायला लागतो त्याहून फारच कमी विद्युतदाबावर हे चाललेलं पाहून जपानमधल्या विद्युत-रसायनाच्या जाणकारांनी आधी विश्वासच ठेवला नाही. १९७२ साली ‘नेचर’मध्ये त्यावर दोन पानांचा निबंध आला. मग १९७३चं तेलसंकट आलं आणि १ जानेवारी १९७४च्या ‘आसाही शिंबुन’ने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. सूर्य आणि पाणी यांच्यावर देश चालवायचा म्हटल्यावर दोन पानांच्या निबंधाचं नशीब पालटणारच.

त्यानंतरचा भाग फारसा कुणी सांगत नाही, मला तोच आवडतो. इतके महागडे स्फटिक किती आणणार? म्हणून फुजिशिमांनी टायटॅनियमचे पत्रे बर्नरच्या ज्वाळेत तापवले. वर ऑक्साइडचा थर आपोआप चढला. हे पत्रे उन्हात मांडून हायड्रोजन गोळा केला. एक चौरस मीटर पत्र्यातून दिवसाला साधारण ७ लिटर हायड्रोजन निघाला. ऐकायला बरं वाटतं, पण सूर्याच्या ऊर्जेचा हिशेब मांडला तर अर्धा टक्काही हाती लागत नव्हता. हायड्रोजनचं स्वप्न तिथेच बाजूला ठेवलं गेलं.

गंमत अशी की तोच ज्वाळेचा पत्रा २००२ साली पुन्हा अवतरला, आणि या वेळी कार्बन सोबत घेऊन. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले शाहेद खान आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की नैसर्गिक वायूच्या ज्वाळेत टायटॅनियमचा पत्रा तापवला की ज्वाळेतला कार्बन ऑक्साइडमध्ये शिरतो. त्यामुळे तो अतिनीलच्या पलीकडे, ५३५ नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे हिरवा प्रकाशही शोषतो आणि पाणी फोडण्याची कार्यक्षमता ८.३५ टक्क्यांवर जाते. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आठवड्यात दुसरं कुठलं बोलणं नसावं. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’ने या निबंधावर एकामागोमाग तीन आक्षेप छापले. पहिल्याच आक्षेपाखाली नाव होतं फुजिशिमा यांचं. ज्याने स्वतः पत्रे भाजले होते, त्याला या आकड्याबद्दल शंका यावी यात नवल नाही. दिव्याचा प्रकाश आणि बाहेरून दिलेला विद्युतदाब हिशेबात कसा धरायचा यावर पुष्कळ खल झाला. कार्बनने टायटॅनियम डायऑक्साइडला दृश्य प्रकाश पाजता येतो ही कल्पना मात्र त्या वादातूनही टिकली.

इथे थोडी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढचे किस्से अधांतरी राहतील. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज जातीच्या कणाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळाला की एक इलेक्ट्रॉन वर उसळतो, खाली त्याची रिकामी जागा राहते. हिला आम्ही सरळ ‘होल’ म्हणतो. होल पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. मग ही दोन आक्रमक पिल्लं समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतात, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरेपर्यंत. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच पुन्हा एकमेकांना भेटतात आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. त्यात आपल्या उन्हात अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून कार्बन. नॅनोनळी किंवा ग्राफीनचा पापुद्रा इलेक्ट्रॉन वाहून नेण्यात पटाईत असतो. इलेक्ट्रॉनला तिकडे वळवला की होल एकटा पडतो आणि त्याला काम करायला सवड मिळते.

हे खरंच घडतं का, हे डोळ्यांनी दाखवणारा प्रयोग २००८ मध्ये झाला. तो मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात प्रशांत कामत यांच्या गटात तो झाला. कामत कारवारच्या पट्ट्यातले, १९७९ साली मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. झालेले. टायटॅनियम डायऑक्साइडचे अगदी बारीक कण त्यांनी इथेनॉलमध्ये घेतले, ऑक्सिजन काढून टाकला आणि अतिनील प्रकाश दिला. होलला इथेनॉल गिळून टाकतं, इलेक्ट्रॉनला जायला जागा नसते, म्हणून ते कणातच साचतात. साचले की द्रावण निळं होतं. इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसण्याची ही दुर्मीळ वेळ. मग त्यात ग्राफीन ऑक्साइड आलं की निळाई ओसरते, कारण इलेक्ट्रॉन तिकडे निघून जातात. आणि तपकिरी ग्राफीन ऑक्साइड ते घेऊन काळसर होत जातं. एक रंग गेला तेव्हा दुसरा आला, दोघांचा हिशेब जुळला. आमच्या मार्गदर्शक मॅडम नव्या मुलांना वर्षातून एकदा हा प्रयोग करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, ‘बघ, रंग गेला असं म्हणायचं तर असं म्हणायचं. कुठे गेला ते सांगून.’

ते ग्राफीन ऑक्साइड कसं करतात, हा निबंधात एका ओळीचा विषय असतो: ‘हमर्स पद्धतीने तयार केले.’ हमर्स आणि ऑफमन यांनी ही पद्धत १९५८ साली दिली. त्या एका ओळीच्या मागे आठवड्याची उडालेली झोप असते. ग्राफाइटची पूड तीव्र सल्फ्युरिक आम्लात घ्यायची, बर्फात भांडं बुडवायचं आणि पोटॅशियम परमँगनेट चिमटी-चिमटीने टाकत राहायचं. घाई केली आणि तापमान चढलं की मँगनीजचं हिरवं ऑक्साइड भडकतं. म्हणून परमँगनेट टाकणाऱ्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही, चहा प्यायलाही हाक मारत नाही. मग पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि द्रावण एकदम सोनेरी पिवळं होतं. इथवर मजा. खरी परीक्षा धुण्याची. आम्ल निघून जायला लागलं की पापुद्रे सुटे होतात आणि सगळं काकवीसारखं दाट होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसायलाच तयार नाही. गाळायचं म्हटलं तर कागद तुंबतो. आमच्या एका सिनियरने डायलिसिसच्या नळ्यांत भरून ते रात्रभर पाण्यात टांगायची युक्ती काढली. सकाळी विभागप्रमुख दार उघडून आत आले, वाळत घातलेल्या त्या तपकिरी नळ्या पाहिल्या आणि काही न विचारता परत गेले.

नॅनोनळ्यांची कथा वेगळी. सुमिओ इजिमांनी १९९१ साली त्या ‘नेचर’मध्ये जगासमोर आणल्या. बाजारात मिळतात, पण येतात तशा पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगत बसतात. त्यांना नायट्रिक आम्लात उकळवून पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट चढवावे लागतात, मगच टायटॅनियम डायऑक्साइड त्यांना धरून बसतं. त्या तपकिरी धुराचा वास ज्याने घेतला तो फ्यूमहूडची काच कधी वर ठेवत नाही. शिवाय या नळ्या बनवताना लोखंड, कोबाल्ट, निकेल वापरतात आणि धुतल्यावरही थोडं आत राहतंच. मग फायदा नळीचा की निकेलचा, हा प्रश्न निबंधाच्या परीक्षकाने विचारायच्या आत आपणच विचारून ठेवलेला बरा.

या तुलनेत पी-२५ म्हणजे घरचं माणूस. जर्मनीच्या डेगुसा कंपनीची, आता इव्होनिकची, ही पांढरी भुकटी टायटॅनियम टेट्राक्लोराइड ज्वाळेत जाळून बनते. ती इतकी हलकी असते की पिशवीचं तोंड उघडताना श्वास रोखायचा. जगातल्या निम्म्याअधिक निबंधांत तुलनेची फूटपट्टी हीच, असं माझं अंदाजपंचे मत. चार भाग ॲनाटेज, एक भाग रुटाइल, दर ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग, हे आकडे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. होक्काइदो विद्यापीठाच्या बुन्शो ओहतानींना हे पाठांतर पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या गटाने पी-२५ मधले घटक वेगळे करून मोजले आणि २०१० मध्ये लिहिलं की त्यात स्फटिक नसलेला भागही आहे, आणि एकाच डब्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणची भुकटी घेतली तरी प्रमाण बदलतं. निबंधाचं शीर्षकच मुळी ‘पी-२५ म्हणजे काय?’ अशा थाटाचं होतं. फूटपट्टीच लवचीक निघाली म्हटल्यावर ‘पी-२५ पेक्षा दीडपट’ या वाक्याचं काय करायचं? आमच्याकडे लगेच एक नियम झाला: डबा आधी हलवायचा.

ओहतानींचा त्याआधीचा घाव जास्त वर्मी लागला होता. २००६ मध्ये त्यांच्या गटाने विचारलं की दृश्य प्रकाशात प्रकाशउत्प्रेरक तपासायला मिथिलीन ब्लू योग्य आहे का? अडचण अशी की मिथिलीन ब्लू स्वतःच लाल प्रकाश शोषतो, ६६४ नॅनोमीटरला त्याचं शिखर असतं. म्हणजे प्रकाश उत्प्रेरकाने न शोषता रंगानेच शोषला, उसळलेला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या अंगावर ढकलला आणि स्वतः मोडला, असंही होऊ शकतं. निबंधात याचं श्रेय ‘दृश्य प्रकाशात कार्यक्षम’ अशा नव्या मिश्रणाला जातं. आणखी एक चकवा आहे. मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन रूपात जातो, आणि हवेतला ऑक्सिजन मिळताच पुन्हा निळा होतो. शाळेत बाटली हलवून दाखवायची जादू हीच. एका संध्याकाळी आमच्याकडची एक मुलगी ‘झालं, पाण्यासारखं!’ म्हणून नाचत आली आणि चहा पिऊन परतेपर्यंत क्युव्हेट पुन्हा निळी झाली होती. मॅडमना सांगायला गेली तर त्या म्हणाल्या, ‘छान. आता उद्या हवा सोडून कर.’

कार्बन आला की तिसरा चकवा सुरू होतो, आणि तो सगळ्यांत मोठा. कार्बन रंग शोषून धरतो. मिथिलीन ब्लूवर धनभार, ग्राफीन ऑक्साइडच्या कडांवर ऋणभार, मग काय, दिवा लावण्याआधीच रंग पापुद्र्याला जाऊन चिकटतो. म्हणून प्रयोगाआधी अर्धा तास अंधारात ढवळायची पद्धत आहे. पण अर्धा तास पुरतो का, हे कुणी क्वचितच तपासतं. चिकटण्याचं काम दोन-तीन तास चालू राहिलं, तर दिवा लावल्यानंतरची उतरती रेघही काही अंशी चिकटण्याचीच. एका सिनियरला आम्ही ‘अंधारसम्राट’ म्हणायचो. त्याचं मिश्रण अंधारातच इतका रंग ओढायचं की दिवा लावायला काही उरायचंच नाही. त्याच्या प्रबंधातला तो तक्ता पुढे ‘शोषक म्हणून उपयुक्तता’ या प्रकरणात गेला. याउलट मिथिल ऑरेंज ऋणभारित, ते ग्राफीन ऑक्साइडला फारसं चिकटत नाही. दोन्ही रंगांवर प्रयोग केला की मिश्रणाचं खरं रूप पटकन बाहेर येतं. कदाचित म्हणूनच पुष्कळ निबंधांत एकच रंग असतो. शिवाय नमुना गाळायच्या सिरिंज फिल्टरची जाळीही थोडा रंग खाते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं.

आता २०१० सालाकडे येऊ, कारण ते या क्षेत्राचं लगीनघाईचं वर्ष. ग्राफीनसाठी आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठातल्या एका गटाने पी-२५ आणि ग्राफीनचं मिश्रण ‘एसीएस नॅनो’त मांडलं. मिथिलीन ब्लूवर ते जोरदार चाललं आणि पुढे असंख्य निबंधांनी त्याचा दाखला घेतला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात फूचौ विद्यापीठाच्या यी-जुन शू यांच्या गटाने जो निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. टायटॅनियम डायऑक्साइड-ग्राफीन हे बाकीच्या टायटॅनियम डायऑक्साइड-कार्बन मिश्रणांपेक्षा खरोखर वेगळं आहे का? त्यांनी निळा रंग बाजूला ठेवून बेंझीनची वाफ घेतली. बेंझीनला रंग नाही, त्यामुळे डोळ्यांना फसवायला काही नाही. आधीच्या कामात नॅनोनळ्यांचं मिश्रण जसं केलं होतं, त्याच रीतीने ग्राफीनचं केलं आणि शेजारी शेजारी तपासलं. निघालं असं की ग्राफीनने मदत होते ती नळ्यांनी होणाऱ्या मदतीसारखीच. त्यात काही वेगळी जादू नाही, आणि कार्बन जास्त घातला तर काम उलट मंदावतं. जास्त कार्बन म्हणजे काळोख. प्रकाश कणापर्यंत पोचायला हवा, ही साधी गोष्ट.

नोबेलच्या वर्षात असं लिहायला धाडस लागतं. आमच्या विभागात तो निबंध वाचून शांतता पसरली, कारण दोघांच्या प्रबंधांची शीर्षकं ‘ग्राफीनमुळे अभूतपूर्व’ अशी सुरू होत होती. मॅडमनी ‘अभूतपूर्व’ खोडलं आणि बाकी राहू दिलं.

त्याच सुमारास इराणमधून ओमिद अखवान यांच्या गटाचा एक निबंध आला. त्यावर फारशी चर्चा झाली नाही, पण मला तो शूंच्या निबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अतिनील प्रकाशात टायटॅनियम डायऑक्साइड आधी ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून टाकतं, पण प्रकाश चालूच ठेवला तर पुढे ग्राफीनच कुरतडायला लागतं. त्याच्या लेखी प्रदूषकही कार्बन आणि जोडीदारही कार्बन, भेद कुठून करणार? रंगवाल्यांची राळ खाणारी खोड ती हीच. म्हणून ‘पाच वेळा पुन्हा वापरला तरी कार्यक्षमता टिकली’ असं वाचलं की मी प्रत्येक वापर किती वेळाचा होता ते आधी पाहतो. आणि कार्बन डायऑक्साइड मोजला असेल, तर तो प्रदूषकाचा की ग्राफीनचा, हेही.

या सगळ्यात आपल्याकडचं काम मागे नव्हतं. मुंबईच्या यूडीसीटीत, आजच्या आयसीटीत, भाटखंडे आणि पानगरकर यांनी बीनाकर्स यांच्यासोबत २००२ मध्ये प्रकाशउत्प्रेरणाचा जो आढावा लिहिला, तो ग्राफीनची लाट येण्याआधीचा आहे आणि अजूनही वाचण्यासारखा आहे. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच छोट्या विभागांची खरी अडचण उपकरणांची. झेनॉन दिवा आणि त्यासोबतचे फिल्टर महाग पडतात. म्हणून ऊन. अकरा ते दोन गच्चीवर चुंबकी ढवळणी, एक्स्टेन्शन बोर्ड, छत्री विद्यार्थ्यासाठी आणि डोक्यावर कावळे. मे महिन्यातला आकडा आणि डिसेंबरमधला आकडा जुळत नाही, आणि जूनला पाऊस सुरू झाला की सगळं खाली. निबंधात ‘नैसर्गिक सूर्यप्रकाशात’ असं छापतात, ते वाचायला छान वाटतं. परदेशातला परीक्षक हटकून विचारतो, प्रकाशाची तीव्रता किती होती? मग धावाधाव करून कुणाचा तरी लक्समीटर उसना आणतात. तोही अतिनील मोजत नाही, ही वेगळी गोष्ट.

जपानमध्ये अपुऱ्या अतिनीलची अडचण वेगळ्या बाजूने सुटली. १९९०च्या आसपास फुजिशिमांसोबत काम करणारे काझुहितो हाशिमोतो यांनी हिशेब मांडला. उन्हातल्या किंवा घरातल्या ट्यूबच्या प्रकाशातलं अतिनील इतकं थोडं आहे, की टाकीभर सांडपाणी त्याने शुद्ध होणं अवघड. पण पृष्ठभागावर चिकटलेला पातळ मळ, वास, जंतू यांना ते पुरतं. घनफळाचा नाद सोडून पृष्ठभागाकडे वळले आणि तिथून टोटो या शौचालयाच्या सामानाच्या कंपनीशी संधान जुळलं. स्वतःहून स्वच्छ राहणाऱ्या फरश्या आणि काचा त्यातून आल्या. सांडपाण्यात काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा हिशेब मान्य करायला जड जातं, पण तो बरोबर आहे.

ते कळायला आम्हाला कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात जावं लागलं. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावात प्रक्रिया करणाऱ्या घटकांचं पाणी कसं असतं हे ज्याने पाहिलंय, त्याला प्रयोगशाळेतलं निळं पाणी खेळण्यातलं वाटतं. आम्ही प्रयोगात लिटरला १० मिलिग्रॅम रंग घ्यायचो. तिथलं पाणी गडद, गढूळ, गरम आणि मिठाने खारट. कापडावर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसावा म्हणून मीठ आणि सोडा भरपूर घालतात, आणि त्यातले क्लोराइड, कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच अडवतात. प्रकाश तर बोटभरही आत जात नाही. मॅडमनी नमुना उन्हाकडे धरून पाहिला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. कारखान्याचे फोरमन, साठीचे गृहस्थ, आमची काळी भुकटी बोटावर घेऊन म्हणाले, ‘मॅडम, हे पाण्यात टाकायचं, मग रंग जाईल, ते ठीक. पण हे परत काढायचं कुणी?’

प्रयोगशाळेत आम्ही सेंट्रिफ्यूज फिरवून मोकळे व्हायचो. वीस-बावीस नॅनोमीटरचे कण दिवसाला हजारो लिटर पाण्यातून वेगळे करायला त्यांच्याकडे सेंट्रिफ्यूज नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. चुंबकी लोहकण मिसळून कार्बनसकट उचलायची युक्ती निबंधांत सापडते. ती करून पाहिली तर लोखंडानेच बरेच इलेक्ट्रॉन पळवले. मग मॅडमनी भुकटीचा नाद सोडायला लावला. जैविक प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या, बऱ्यापैकी निवळलेल्या पाण्यावर शेवटचा हात फिरवायचा. त्यातही रंगापेक्षा न दिसणाऱ्या फिनॉलसारख्या द्रव्यांवर डोळा ठेवायचा. काचेच्या पट्ट्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर, त्यात कार्बन एक टक्क्याच्या आत. आलेख आता पूर्वीसारखा देखणा उतरत नाही. मध्यंतरी एका मुलाने वैतागून विचारलं, की मॅडम, पुन्हा मिथिलीन ब्लू घेऊ का, निदान छापून तरी येईल? त्यांनी त्याला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायच्या यंत्राची वेळ मागणारा अर्ज लिहायला बसवलं.

त्या पट्ट्या सध्या गच्चीवर आहेत. पाऊस लागायच्या आत आकडे हवेत. यंत्र दुसऱ्या विद्यापीठात आहे, तिथे रांग मोठी आहे, आणि तिथल्या बाईंनी फोनवर आधीच बजावलंय, नमुन्यात क्लोराइड जास्त असेल तर घेणार नाही.